गफूर चाचांचा बिनशिट्टीचा कुकर

गफूर चाचांची नक्कल करायची तर आधी छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो सोडायचाच नाही. अडवून धरलेल्या त्या श्वासातच बोलायचं, म्हणजे आवाज बंद कपाटातून आल्यासारखा येतो. मग मान उजवीकडे झुकवायची, डावा डोळा बारीक करायचा, आणि समोर कुणीही असो, अगदी खालचा किराणावाला यमनी असला तरी, बिघडलेल्या पॅनलकडे बघावं तसं त्याच्याकडे बघायचं. आणि म्हणायचं, "रेडिओ, वायर ओढ, पण नात्यातली असल्यासारखी ओढ."

रेडिओ म्हणजे मी. खरं नाव रियाज. दापोलीच्या मराठी शाळेत असताना गॅदरिंगला हेडमास्तरांचा आवाज काढला आणि खुद्द हेडमास्तर मागच्या रांगेतून "कोण बोलतंय माझ्यासारखं?" करत पुढे आले, तेव्हापासून हा धंदा चालू आहे. पुढे आयटीआय केलं, वायरमन झालो आणि जेद्दाला आलो. तिथल्या शराफिया भागात, मागच्या गल्लीत कंपनीनं एक जुनी इमारत घेतली होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं. मी, देवरुखचा सदा प्लंबर आणि खेडकडच्या खाडीकाठचे गफूर चाचा, आमचे इलेक्ट्रिशियन फोरमन. चाचांची पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली होती, आणि त्यातली निम्मी सौदीत गेली होती.

घरी फोन लावला की चाचा पहिलं वाक्य एकच बोलायचे. "हॅलो, मी गफूर."

सदा एकदा म्हणाला, "चाचा, चाचीला अजून किती जण फोन करतात? दुसरा कोण असणार?"

"तिला नंबर दिसतो, मी दिसत नाय," चाचा म्हणाले. "सांगितलेलं बरं."

हे असं. सगळं सांगून, तपासून, हात लावून बघून. खोलीचं कुलूप लावलं की तीनदा ओढायचे. आंघोळीचा गरम पाण्याचा नळ दुसऱ्यानं बंद केला असला तरी जाऊन पुन्हा पिळायचे. सदाला त्याचा फार राग. "मी प्लंबर आहे चाचा, नळ मला बंद करता येतो." चाचा म्हणायचे, "येतो रे. पण मला झोप पण यायला हवी ना."

तर तो कुकर. साताऱ्याच्या एक डॉक्टरबाई होत्या, इथल्या एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांच्या घरचे पंखे चाचांनी बसवले होते. मी शिडी धरायला गेलो होतो. बाईंचा सहा वर्षांचा मुलगा खाली उभा राहून आईला सांगत होता, "मम्मा, अंकल इज टॉकिंग टू द फॅन." खरंच चाचा पंख्याशी बोलत होते. "फिर बाबा, फिर, तुझं काय दुखतंय." बाई हसल्या, आणि निघताना त्यांनी एक जड खोका हातात दिला. स्लो कुकर. बाई म्हणाल्या, "मला नाही जमत, चाचा. आमच्याकडे तीन शिट्ट्यांत जेवण व्हायला लागतं. तुम्ही सकाळी लावून जा, संध्याकाळी आयतं मिळेल."

घरी आणून चाचांनी तो जमिनीवर ठेवला आणि आम्ही तिघं त्याच्याभोवती बसलो. काळं मातीचं भांडं, काचेचं झाकण, खाली बटण, आणि बटणावर तीन खुणा. शिट्टी नाही.

"बोलतच नाय हा," चाचा म्हणाले. "मग कळणार कसं शिजलं का नाय?"

"विश्वास ठेवायचा," सदा म्हणाला.

"इलेक्ट्रिकच्या वस्तूवर?" चाचांनी डावा डोळा बारीक करून त्याच्याकडे बघितलं.

पहिल्या दिवशी त्यांनी कुकर लावला आणि कामावर आलेच नाहीत. नोकरीत पहिल्यांदा रजा टाकली आणि स्वयंपाकघरात खुर्ची टाकून त्या भांड्यासमोर बसले. दर तासाला वायरीला हात लावून बघितला, तापते का. प्लगला लावून बघितला. भिंतीला पण लावला. संध्याकाळी आम्ही आलो तर म्हणाले, "प्रामाणिक हाय." तेव्हापासून परवानगी मिळाली.

शिजलं मात्र नव्हतं. म्हणजे शिजलं होतं, पण नेहमीच्या सवयीनं त्यांनी पाणी काठोकाठ भरलं होतं, आणि बीफचे तुकडे त्या तळ्यात पोहत होते. बटाटे वर टाकलेले, ते निम्मे कच्चे. पुढचे चार गुरुवार चाचांनी त्याच्यावर काढले. शुक्रवारची सुट्टी, म्हणून गुरुवारचं जेवण आमच्यात मोठं. चौथ्या गुरुवारी जमलं, आणि मग त्यांनी नियम केले. बटाटा खाली, मोठ्याचं मटण वर, कारण या कुकरात बटाट्याला मटणापेक्षा जास्त वेळ लागतो. बटाट्याची साल काढायची नाही, फक्त दोन भाग. मांस नळीचं, चरबीसकट. चाचीनं पाठवलेला घरचा मसाला आदल्या रात्रीच चोळून फ्रिजमध्ये. कांदा उभा, भरपूर. आलं-लसूण. पाणी चहाच्या एका कपाएवढं, त्याच्या वर थेंब नाही, मांस आपलं पाणी आपण सोडतं. आणि झाकण उघडायचं नाही. कुणीही. कितीही वास आला तरी.

सदा बीफ खात नाही. त्याचा गुरुवार वेगळा, गॅसवर अंडी आणि बटाटे. पण चाचा आधी त्याचे बटाटे निवडायचे. चांगले, एकसारखे असतील ते सदाला. उरलेले वेडेवाकडे आमच्या कुकरात. मी म्हटलं, "हा काय न्याय?" तर म्हणाले, "आपल्यात मटण हाय, बटाटा कसा दिसतो कोण बघतंय? त्याच्यात बटाटाच हिरो हाय."

संध्याकाळी साइटवरून परत येताना पहिल्या मजल्याच्या वळणावर वास यायचा. तेरा तास गुपचूप शिजलेल्या मांसाचा वास असा असतो की पाय आपोआप दोन-दोन पायऱ्या चढायला लागतात. मांस बोटानं तुटायचं. बटाटा आतपर्यंत मसाला प्यायलेला असायचा. खबूस रोटीत घालून खायचं आणि कुणी बोलायचं नाही. मी सुद्धा बोलायचो नाही, यावरून समजा.

साइटवर चाचा म्हणजे वेगळाच माणूस. एका शाळेची नवी इमारत चालली होती. पॅनलला हात लावायच्या आधी मेन बंद, मेनला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. मग टेस्टर. मग हात. एकदा मी टेस्टर न लावता वायर धरायला गेलो, तर त्यांनी माझ्या मनगटावर अशी चापट मारली की दोन दिवस घड्याळ लावता आलं नाही. वर म्हणाले, "चापटीनं लागलं? करंट याच्यापेक्षा कमी बोलतो आणि जास्त लागतो."

आणखी एक सवय. नव्या वायरी जोडताना, ज्यांत अजून करंटच आलेला नाही आणि टेस्टर काही सांगू शकत नाही, अशा वेळी चाचा एकेक वायर माझ्यापुढे धरून मास्तरासारखं विचारायचे, "बोल रेडिओ, हा कुठला?"

"तांबडा."

"हा?"

"निळा."

"आणि हा?"

"काळा, चाचा."

तांबडा, पिवळा, निळा म्हणजे करंट येणार. काळा म्हणजे परतीची वायर. आयटीआयच्या पहिल्या आठवड्यातला धडा. मला वाटायचं, हा माणूस अजून माझी परीक्षा घेतोय. मला गंमत वाटायची. मी शाळेतल्या मुलासारखा हात वर करून, सुरात सांगायचो.

आमचे इंजिनियर खालिद साहेब हैदराबादचे. भला माणूस, पण कागदाला घाबरणारा. एक दिवस चहाच्या सुट्टीत त्यांनी फर्माइश केली, "रेडिओ, चाचा को करके दिखाओ ना." मी छाती भरली, मान वाकडी केली, एक वायर नाकाला टेकेल एवढी जवळ आणली, मग लांब नेली, मग उजेडाकडे धरली, मग पुन्हा जवळ. "बोल रेडिओ, हा कुठला?" सगळे खो खो हसले. खालिद साहेबांच्या हातातला चहा सांडला.

चाचा हसले नाहीत. नक्कल त्यांना आवडायची, एरवी स्वतःच करायला लावायचे. त्या संध्याकाळी कपडे वाळत घालताना मला म्हणाले, "माझं सगळं कर. बायकोशी बोलतो ते कर, नळ पिळतो ते कर. पण ते वायरीचं साइटवर करू नको."

"का, चाचा?"

"इकामा संपायला दोन महिने राहिलेत, हितं राहायचा परवाना नवा करायचाय. या वर्षी कंपनी मेडिकल करणार. पोरीची, शबानाची, बी. फार्मची दोन वर्षं राहिलीत. दोन वर्षं मला हितं उभं राहायचंय, रियाज. साहेबाच्या डोक्यात काय भरवू नको."

रेडिओ न म्हणता रियाज म्हणाले, म्हणून मी हो म्हटलं. मला वाटलं, मानेचं काहीतरी दुखणं असेल. माझ्या आजोबांची पण अशीच वाकडी व्हायची.

खालिद साहेबांनी कुकरबद्दल ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणजे, मी रोज सांगत होतो. एका गुरुवारी ते जेवायला येणार ठरलं. बुधवारी चाचा स्वतः खाटकाकडे गेले, नळीचं मांस समोर कापून घेतलं, मसाला दोनदा चोळला. सदा म्हणाला, "चाचा, साहेबाला खाऊ घालताय का साहेबाला लग्नाची मागणी घालताय?"

"इकाम्याच्या कागदावर त्याची सही लागते," मी म्हटलं.

"सही त्याच्या पेनाची, मटण माझ्या कुकराचं," चाचा म्हणाले. "दोन्हीची गाठ घालू नका." पण पुन्हा एकदा फ्रिज उघडून त्यांनी भांडं बघितलं.

आता आमच्या स्वयंपाकघराबद्दल. जेद्दातल्या जुन्या घरांत दोन तऱ्हेची वीज असते. एकशेदहा आणि दोनशेवीस. आमच्या ओट्यावर दोन बोर्ड शेजारी शेजारी, आणि कुणीतरी शहाण्यानं दोन्हीला सगळे प्लग बसतील असेच सॉकेट बसवलेले. म्हणून मी यायच्या आधीच चाचांनी दोन्हीवर टेप चिकटवला होता. दोनशेवीसवर निळा, एकशेदहावर काळा. कुकर दोनशेवीसचा. दर गुरुवारी सकाळी चाचा भांडं भरायचे, बटण फिरवायचे आणि म्हणायचे, "रेडिओ, प्लग लाव." मी लावायचो.

त्या गुरुवारी मला शिडी गाडीवर चढवायची होती, म्हणून मी लवकर खाली गेलो.

संध्याकाळी आम्ही चौघं जिना चढलो. पुढे खालिद साहेब, "क्या खुशबू आती बोला था ना तू?" म्हणत. पहिल्या मजल्याचं वळण आलं. वास नव्हता. मी सदाकडे बघितलं. सदानं नाक वर करून दोनदा हुंगलं. चाचांनी पायऱ्या चढायचा वेग वाढवला.

जमिनीवर प्लास्टिकचा दस्तरखान अंथरला, खबूस ठेवली, कांदा-लिंबू ठेवलं. चाचांनी कुकर आणून मध्ये ठेवला आणि झाकण उचललं. मांस करड्या रंगाचं, कडेला अजून लाल, आणि वर एक आंबूस वास. चाचांनी काटा घेऊन बटाट्यात खुपसला. काटा आत गेलाच नाही.

"गरम तर हाय," चाचा म्हणाले. भांड्याला तळहात लावून पुन्हा म्हणाले, "गरम हाय."

गरम नव्हतं. कोमट होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. कुकर बाहेर नेताना त्याची वायर ज्या एक्स्टेंशनमधून सोडवली होती, ते एक्स्टेंशन ओट्यावर तसंच होतं. प्लग काळ्या टेपच्या बोर्डात. तेरा तास त्या भांड्याला अर्ध्या दाबाची वीज मिळाली होती, त्यावर पाणी सुद्धा धड तापणार नाही.

मी प्लग काढला आणि मोठ्यानं ओरडलो, "माझी चूक, चाचा! सकाळी मीच चुकीचा लावला!"

"तू?" सदा दारात आला होता. "तू तर सकाळी शिडी घेऊन खाली..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. सदा हुशार आहे, गप्प बसला. पण चाचा त्याच्या मागे उभे होते.

ते पुढे आले. ओट्यावर वाकले. मान उजवीकडे झुकवली, एक टेप बघितला, दुसरा बघितला, मग बोटानं दोन्ही चाचपले. टेपचा रंग बोटाला काय कळणार? टेस्टर लावला असता तरी दोन्हीकडे पेटला असता.

"रेडिओ," ते हळू म्हणाले, "हा कुठला?"

"काळा."

"आणि हा?"

"निळा, चाचा."

हाच सूर. साइटवर रोज हाच सूर. ते माझी परीक्षा कधी घेतच नव्हते. विचारत होते.

घराचा प्लग चुकला तर मटण नासतं, एवढंच. पण पॅनलमध्ये निळ्याला काळा समजून कुणी हात घातला तर काय होतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझ्या डोक्यात एकच आलं, आता दोघांनी मिळून तोंड बंद ठेवायचं. खालिद साहेब बाहेर बसलेत, त्यांना कुकर बिघडला म्हणून सांगायचं. दोन महिने काढायचे. मेडिकलच्या वेळचं मेडिकलच्या वेळी.

चाचांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि बाहेर जाऊन खालिद साहेबांसमोर मांडी घालून बसले.

"साहब, प्लग मैंने लगाया. ये झूठ बोलता है."

"अरे चाचा, होता है. छोड़ो ना. बाहर से कुछ मंगा लेते."

"मेरे को नीला और काला एक दिखता है. चार महीने हो गए."

खालिद साहेब हसायला लागले होते, ते मध्येच थांबले. "मजाक नक्को करो, चाचा."

"ये बच्चे मेरे बोलने पे अंदर हाथ डालते, साहब."

खालिद साहेब दस्तरखानावरच्या लिंबाकडे बघत होते. मग म्हणाले, "मेरे को काय को बोले चाचा? अब मैं सुन लिया ना."

"सुनाने के वास्तेच बोला."

मी चाचांकडे बघत होतो. घाबरलेले नव्हते. खोलीचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून झाल्यावर जसे दिसायचे, तसे दिसत होते.

सदा उठला, गॅस पेटवला आणि आतून ओरडला, "बसा, बसा सगळे! माझ्या अंड्यांना आज पहिल्यांदा इज्जत मिळतेय." त्या रात्री आम्ही चौघांनी सदाचे अंडी-बटाटे खाल्ले. खालिद साहेबांनी दोनदा मागून घेतले. चाचांनी नासलेलं सगळं पिशवीत बांधून खाली टाकून दिलं आणि भांडं घासून पालथं घातलं.

शनिवारपासून चाचांना पॅनलवरून काढलं. डॉक्टरबाईंनी त्यांच्या हॉस्पिटलातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे वेळ घेऊन दिली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. ऑपरेशन गावाकडे करायचं ठरलं. खालिद साहेबांनी कागदाला घाबरत घाबरत, पण एक काम केलं. कायमचं घरी पाठवायचा एक्झिट मारला नाही. तीन महिन्यांचा जाऊन-परत येण्याचा व्हिसा काढून दिला आणि इकामा त्याआधीच पुढे सरकवून घेतला. पण चाचांना स्पष्ट सांगितलं, "वापस आके मेरे सामने वायर पहचानो. पहचाने तो पैनल तुम्हारा. नहीं तो खलास, चाचा. मैं कुछ नहीं कर सकता."

चाचा म्हणाले, "इन्साफ की बात है."

ते गेले. खोलीत नळ टपकायला लागला. सदा म्हणायचा, गळतोय, गळू दे, आणि मग स्वतःच मध्येच उठून पिळायचा. पॅनल मी बांधायला लागलो, एकटा, आणि सांगायला हरकत नाही, मला बऱ्यापैकी मिजास चढली. हात भरभर चालायचा. फोरमन रियाज, अशी स्वतःचीच नक्कल करून बघितली दोन-तीनदा.

मग मला तबूकची बदली आली. नवी साइट, एक दिवसाचा प्रवास. आणि ज्या रविवारी मला निघायचं होतं, त्याच सकाळी चाचा साइटवर आले. काळा चष्मा, नवा शर्ट, खिशात डोळ्यांचे थेंब.

खालिद साहेबांनी टेबलावर वायरीचे तुकडे मांडून ठेवले होते, वीसेक तरी. नवे, जुने, सिमेंटनं मळलेले. खोलीत आम्ही चौघंच. तबूकची पिकअप बाहेर चालू होती.

चाचांनी काळा चष्मा काढला, दुसरा लावला, आणि एकेक तुकडा उचलायला लागले. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. "काला. लाल. नीला. काला. पीला." पत्ते वाटावेत तसे दोन्ही बाजूंना टाकत गेले. एका तुकड्याशी थांबले. त्या तुकड्याकडे बघून मला स्वतःला सांगता आलं नसतं.

"ये नीला था," चाचा म्हणाले. "धूप में पड़ा होगा. इसको फेंको, किसी को मत देना."

खालिद साहेबांनी तुकडा उलटा केला, टोकाची साल सोलून आतला रंग बघितला आणि टेबलावर हात आपटला. "पास! यल्ला चाचा, पैनल तुम्हारा!"

मी शिट्टी मारली. सदानं टाळ्या वाजवल्या. चाचांनी मात्र ऐकलंच नाही, कारण ते आमच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होते. तिथं पॅनल होतं. उघडं.

"ये किसने बांधा?"

सदानं माझ्याकडे बोट केलं, हरामखोर.

चाचा पॅनलपाशी गेले. वरपासून खालपर्यंत बघितलं. मग वळून माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून.

"रेडिओ," ते म्हणाले, "एवढे दिवस मला वाटत होतं तू सरळ बांधतोस."

"चाचा, करंट येतोय ना..."

"करंटला डोळे नाहीत."

त्यांनी मेन बंद केला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, बाह्या वर केल्या आणि माझी पहिली वायर सोडवायला घेतली. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी म्हटलं, "चाचा, येतो." ते म्हणाले, "ये. तिकडं जेवत जा." तोंड पॅनलमध्येच. मी दारात उभा राहिलो. ड्रायव्हर यल्ला, यल्ला करत घाई लावत होता. त्या पॅनलमध्ये मी बांधलेल्या अकरा वायरी होत्या. पिकअप गेटमधून बाहेर पडली तेव्हा खिडकीतून दिसलं, ते चौथीवर होते.